निसर्ग वादळ, कौलारू घर आणि ५९ हजारांचा क्लेम: एक प्रकरण

हे प्रकरण दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका घराचं आहे. घरमालकांना इथे आप्पा म्हणू. निवृत्त शिक्षक, वय सत्तरीच्या पुढे. गाव, बँक आणि विमा कंपनी यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. आप्पांच्या लेकीने जपून ठेवलेली फाईल समोर ठेवून हे लिहिलं आहे. कंपनीने देऊ केलेली रक्कम अखेर तिपटीहून अधिक कशी झाली, ते यात आहे. त्यातला बराचसा भाग साध्या गुणाकार-भागाकाराचा आहे, आणि तो हिशेब घरमालकाला सहसा कोणी दाखवत नाही.

पार्श्वभूमी

चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, ओटी, माजघर, मागे पडवी. पन्नासहून अधिक वर्षांचं घर. २०१६ साली मागची पडवी पाडून स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बांधलं, त्यासाठी बँकेकडून ६ लाखांचं कर्ज घेतलं. त्या वेळी सह्या घेतलेल्या कागदांच्या गठ्ठ्यात एक विमा प्रस्ताव होता. हप्ता कर्जातूनच वळता झाला आणि पॉलिसी बँकेच्या कपाटात राहिली. घराचा विमा आहे हे आप्पांना ठाऊकच नव्हतं.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. आप्पांच्या वाडीतला एक माड छपरावर आडवा झाला. आढं मोडलं, वासे खाली आले, एका कोपऱ्यातला चिरा सुटला आणि निम्म्याहून जास्त कौलं गेली. शेजारचा गोठा उघडा पडला. माणसं माजघरात होती म्हणून वाचली.

त्यानंतर वीज नाही, मोबाईलला रेंज नाही, रस्त्यांवर झाडं आडवी. त्यात कोरोनाची टाळेबंदी. लेक डोंबिवलीला, तिला यायचं तर ई-पास लागणार. आणि मृगाचा पाऊस तोंडावर.

अडचण

पहिले आठ दिवस विम्याचा विचार कोणाच्याही डोक्यात नव्हता. तलाठ्यांनी येऊन पंचनामा केला तो सरकारी मदतीसाठी. निसर्गनंतर राज्य सरकारने मदतीचे दर वाढवले होते, पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. पण आप्पांचं घर ‘अंशतः’मध्ये बसत होतं, आणि अंशतःची मदत त्याच्या आसपासही नव्हती. सुताराने घर बघून लिहून दिलेला खर्च असा होता: कौलं, कोने आणि मजुरी १,१५,०००, लाकूडकाम १,९०,०००, भिंत आणि गिलावा ७५,०००, वायरिंग ३२,०००, गोठ्याचं छप्पर २८,०००. एकूण ४,४०,०००.

१२ जूनला लेकीने कर्जाचं जुनं स्टेटमेंट काढलं, हप्ते पुढे ढकलता येतात का ते बघायला. त्यात २०१६ सालची एक ओळ सापडली, ‘घर विमा प्रीमियम’. बँकेत फोन करून पॉलिसी क्रमांक मिळवायला दोन दिवस गेले. १४ जूनला तिने कंपनीला ई-मेल केला. वादळाला तोवर ११ दिवस झाले होते.

पहिला निर्णय: आवरायचं की थांबायचं?

शेजाऱ्यापाजाऱ्यांचं म्हणणं, सर्व्हेअर (नुकसानीची पाहणी करून हिशेब मांडणारा) येईपर्यंत कशाला हात लावू नका, नाहीतर क्लेम जाईल. हा समज गावोगाव आहे आणि तो घातक आहे. नुकसान वाढू न देणं हे विमाधारकाचं कर्तव्यच असतं. उघड्या घरात पाऊस घेऊन सर्व्हेअरची वाट पाहत बसलात, तर पुढचं नुकसान तुमच्या हलगर्जीपणाचं ठरवता येतं. पुरावा मात्र नाहीसा करायचा नाही.

आप्पांनी विम्याचं काही माहीत नसतानाही यातलं बरंचसं नीट केलं. पाचव्या दिवशी गावातल्या मुलांना घेऊन माड कापला आणि छपरावर ताडपत्री टाकली. मोडलेले वासे, रिपा आणि आढ्याचे तुकडे जाळले नाहीत. ‘चांगलं किंजळीचं लाकूड आहे, कुठेतरी कामी येईल’ म्हणून मांगराच्या आडोशाला रचून ठेवले. या काटकसरीनेच पुढे त्यांना तारलं. त्यांच्या नातवाने फोनवर फोटो काढले होते, माड छपरावर असतानाचे आणि उचलल्यानंतरचेही. फक्त घरातलं भिजलेलं सामान, म्हणजे गाद्या, भाताची कणगी, टीव्ही, फोटो न काढता फेकलं गेलं. नंतर कळलं की पॉलिसी फक्त इमारतीची होती, सामानाची नव्हतीच. म्हणजे फोटो असते तरी उपयोग नव्हता. वाडीतले नारळ-सुपारीही विम्यात नव्हते, त्यासाठी सरकारी फळबाग मदत हाच एक मार्ग होता.

दुसरा निर्णय: उशिराचं काय उत्तर द्यायचं?

कंपनीचं पहिलं पत्र आलं त्यात क्लेमचा क्रमांक होता आणि एक प्रश्न होता: नुकसान ताबडतोब का कळवलं नाही? पॉलिसीच्या अटीत ‘लगेच सूचना’ आणि १५ दिवसांत लेखी मागणी असं असतंच. इथे बरेच जण माफीची भाषा वापरतात. लेकीने माफी मागितली नाही. वीज आणि नेटवर्क बंद असल्याबद्दल ग्रामपंचायतीचा दाखला, तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत आणि पॉलिसी बँकेकडेच होती हे सांगणारा बँकेचा ई-मेल, असे तीन कागद तिने जोडले. विमा नियामक आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलं आहे, की केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून खरा क्लेम फेटाळू नये. त्याचाही उल्लेख केला. उशिराचा मुद्दा पुन्हा कधी निघाला नाही.

सर्व्हे

त्या वेळी लागू असलेल्या २०१७च्या विमाधारक हितरक्षण नियमांप्रमाणे सूचना मिळाल्यापासून ७२ तासांत सर्व्हेअर नेमायचा असतो. तो नेमला गेला. पण महामारीमुळे प्रत्यक्ष यायचं नाही, व्हिडिओ कॉलवर पाहणी करायची असं ठरलं. २६ जूनला नातू फोन हातात धरून घरभर फिरला. रेंज तुटत होती, चित्र मध्येच थांबत होतं. माळ्यावर फोन चाललाच नाही. लाकडाचा ढीग दाखवायचा राहून गेला, कारण सर्व्हेअरने तो मागितला नाही आणि आप्पांना सुचलं नाही.

मला विचाराल तर या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक इथे झाली. अर्धवट पाहणी संपल्यावर त्याच दिवशी एक ई-मेल जायला हवा होता: ‘आज माळा आणि मोडलेलं लाकूड तुम्हाला दाखवता आलं नाही, फोटो सोबत पाठवत आहोत, लाकूड जपून ठेवलं आहे, प्रत्यक्ष पाहणीची विनंती आहे.’ चार ओळींनी पुढचे काही महिने वाचले असते.

नियमांप्रमाणे सर्व्हेअरने नेमणुकीपासून ३० दिवसांत अंतिम अहवाल द्यायचा. तो १८ ऑगस्टला झाला. या उशिराबद्दल आप्पांनी तेव्हा तक्रार केली नाही.

कंपनीचा देकार

९ सप्टेंबरला पत्र आलं. मंजूर रक्कम ५९,०६८ रुपये. सोबत एक छापील कागद, ‘सर्व दाव्यांच्या पूर्ण व अंतिम समाधानापोटी’, खाली सहीची जागा. रक्कम कशी आली, याबद्दल एकच वाक्य होतं: ‘अ‍ॅव्हरेज क्लॉज लागू’.

आप्पा सही करायला तयार झाले होते. पावसाळा ताडपत्रीखाली काढला होता, सुताराला आगाऊ द्यायचे होते, आणि चार लाखांचं नुकसान सांगून साठ हजार मिळतात तर भांडून काय होणार, असं त्यांना वाटत होतं. लेक फोनवर म्हणाली, ‘सही करू नका हं आप्पा. आधी हिशेब तरी बघू दे.’

तिसरा निर्णय: कोणता रस्ता?

पर्याय चार होते. सही करून पैसे घेणं. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे जाणं. तिथे दाद नाही मिळाली तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निवाडा देणारा अधिकारी. किंवा थेट जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुकताच, २० जुलै २०२०पासून लागू झाला होता, आणि त्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करायची सोय दिली होती.

आयोगात नुकसानभरपाई आणि मानसिक त्रासाचाही दावा करता आला असता. पण वेळ किती लागेल याचा भरवसा नव्हता. लोकपालाकडे फी नाही, वकील चालत नाही, आणि त्याचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो पटला नाही तर आयोगाचा रस्ता मोकळाच राहतो. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची, महिनाभर वाट पाहायची आणि नकार आल्यापासून वर्षाच्या आत लोकपालाकडे जायचं, एवढी शिस्त पाळावी लागते. त्यांनी हा रस्ता धरला, आणि तो बरोबर होता. वाद कायद्याच्या किचकट मुद्द्याचा नव्हता, आकडेमोडीचा होता.

पण त्याआधी दोन पत्रं गेली. पहिल्यात सर्व्हे अहवालाची आणि प्रस्ताव अर्जाची प्रत मागितली. विमाधारकाने मागितला तर अहवाल द्यावाच लागतो. ‘हा अंतर्गत कागद आहे’ असं उत्तर आलं. नियमाचा हवाला देऊन पुन्हा लिहिल्यावर प्रत आली. दुसऱ्या पत्रात, मान्य असलेले ५९,०६८ रुपये बिनशर्त द्या, उरलेल्याबद्दल आमची हरकत कायम आहे, असं कळवलं. आयआरडीएआयने सप्टेंबर २०१५मध्ये स्पष्ट केलं आहे, की अशा ‘पूर्ण व अंतिम’ पावतीवर सही केली म्हणून जास्त रक्कम मागण्याचा हक्क संपत नाही, आणि ठरलेली रक्कम अडवूनही ठेवता येत नाही. तरी सही न करता हरकत नोंदवणं केव्हाही चांगलं, कारण सही दबावाखाली केली हे नंतर सिद्ध करणं कठीण जातं.

पैसे सुटले, पण गेले कर्जखात्यात. पॉलिसीत बँकेचं नाव आधी होतं, त्यामुळे क्लेमची रक्कम बँकेच्या हाती पडते. हप्ते नियमित होते म्हणून बँकेने विनंतीवरून ती दुरुस्तीसाठी बचत खात्यात वळवली. हे विनंतीचं पत्र क्लेम टाकतानाच बँकेला द्यायला हवं होतं.

हिशेबात काय सापडलं

अ‍ॅव्हरेज क्लॉज म्हणजे थोडक्यात असं. घराची किंमत १० लाख, विमा ४ लाखांचा, तर तुम्ही ४० टक्केच विमा घेतलात, म्हणून प्रत्येक नुकसानीचे ४० टक्केच मिळतील. मग नुकसान विमा रकमेच्या आत असलं तरीही. आप्पांच्या घराचा विमा कर्जाएवढा, ६ लाखांचा काढला होता. घराच्या किमतीशी त्याचा काही संबंध नव्हता. बँका सर्रास असं करतात, आणि कर्जदाराला त्याचा अर्थ कळतो तो वादळानंतर.

हे कलम वैध आहे. त्याविरुद्ध गळा काढून उपयोग नव्हता. पण ते लावताना सर्व्हेअरने काय केलं ते पाहा.

त्याने ४,४०,०००मधून गोठ्याचे २८,००० वगळले, कारण गोठा पॉलिसीत नाही. ठीक. ‘वाळवी दिसते’ म्हणून लाकडाचे निम्मे, ९५,००० वगळले. उरले ३,१७,०००. घर जुनं म्हणून ५० टक्के घसारा, म्हणजे वापराने किंमत उतरली म्हणून केलेली वजावट, राहिले १,५८,५००. मग घराची किंमत काढली: १,१५० चौरस फूट गुणिले १,४०० रुपये, १६,१०,०००. सहा लाख भागिले १६.१ लाख, म्हणजे ३७ टक्क्यांच्या जरा वर. हाती ५९,०६८.

अहवाल तीनदा वाचल्यावर लेकीच्या लक्षात आलं, की १,१५० चौरस फुटांत गोठ्याचे २५० धरले आहेत. नुकसान मोजताना गोठा बाहेर आणि किंमत वाढवताना गोठा आत! ग्रामपंचायतीच्या नमुना ८च्या उताऱ्यावर घर ९०० चौरस फूट होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी होती. नुकसान मोजताना जुन्या घराचा दर, घसारा कापून. आणि घराची किंमत मोजताना नव्या बांधकामाचा दर, घसारा न कापता. दोन्हीकडे एकच माप हवं. नुकसान घसारा वजा करून धरणार असाल तर घराची किंमतही तशीच धरा. मग ९०० गुणिले १,४०० म्हणजे १२,६०,०००, त्याचे निम्मे ६,३०,०००. सहा लाखांचा विमा मग ३७ टक्के उरत नाही, ९५ टक्क्यांहून जास्त होतो.

म्हणजे आप्पांनी विमा कमी घेतला, हा सगळा डोलारा जवळजवळ कोसळला. माझ्या मते सर्व्हेअरने हे मुद्दाम केलं असेल असं नाही, तयार तक्त्यात आकडे भरले असावेत. पण अहवाल न मागता सही झाली असती, तर हे कोणाला कधीच कळलं नसतं.

वाळवीचा मुद्दा कठीण होता. काही रिपांना खरंच वाळवी होती, आणि आप्पांनी ते कबूल केलं. कबूल केल्याने त्यांचं बाकीचं म्हणणं खरं वाटलं, असं मला वाटतं. जपून ठेवलेल्या वाशांचे मोडलेल्या टोकांचे जवळून फोटो काढले, शेजारी टेप धरून. आतलं लाकूड निरोगी होतं आणि मोड ताजी होती. सुताराने तसं लिहून दिलं. सर्वोच्च न्यायालयाने २००९मध्ये एका निकालात म्हटलं आहे, की सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अखेरचा शब्द नसतो. ते वाक्यही अर्जात घातलं.

निष्पत्ती

कंपनीच्या तक्रार विभागाने नोव्हेंबरमध्ये ‘निर्णय कायम’ असं एका ओळीत कळवलं. जानेवारी २०२१मध्ये अर्ज पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात गेला. सुनावणी ऑनलाइन झाली. आप्पा कोकणातून, लेक डोंबिवलीहून. कंपनीच्या प्रतिनिधीला विचारलं गेलं, की घसारा एका बाजूलाच का? उत्तर आलं नाही.

निवाडा त्या पावसाळ्यात आला. गोठ्याचं क्षेत्र वगळलं, घसारा दोन्हीकडे लावला, वाळवीपोटीची वजावट ९५,०००वरून ३०,०००वर आणली. म्हणजे ३,८२,०००चे निम्मे १,९१,०००, त्याला सहा लाख भागिले सहा लाख तीस हजार, १,८१,९०५ रुपये. आधी मिळालेले वजा जाता १,२२,८३७ आणि विलंबाचं व्याज. कंपनीने ते महिनाभरात दिले.

खर्च मात्र चार लाख चाळीस हजारांचाच राहिला. उरलेले पैसे आप्पांनी निवृत्तीच्या ठेवीतून घातले. हक्क पुरा वापरूनही जुनी पॉलिसी जवळपास एवढंच देऊ शकत होती.

काय वेगळं करता आलं असतं

अर्धवट पाहणीनंतरचा ई-मेल आणि बँकेला पत्र, हे वर आलंच. अहवालाची मुदत उलटल्यावर लगेच लेखी विचारणा करायला हवी होती, व्याजाचा काळ मोजताना तिचा उपयोग होतो. शिवाय घसारा सरसकट ५० टक्के मान्य करायला नको होता. वायरिंग २०१६चं होतं, चार वर्षांचं. कौलं जुनी. वस्तूनिहाय घसारा मागितला असता तर काही हजार वाढले असते. हा मुद्दा अर्जात नव्हता, त्यामुळे निवाड्यातही नाही.

पण मूळ चूक २०१६मधली. कर्जासोबतच्या विम्यावर किती रक्कम लिहिली आणि ती कशावरून, हे त्या दिवशी विचारायला हवं होतं.

१ एप्रिल २०२१पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात विमा रक्कम चटई क्षेत्र आणि बांधकामाच्या दरावरून ठरते, कमी विम्याची कपात लावत नाहीत, इमारतीच्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख, घरातलं सामान आपोआप येतं. आयआरडीएआयच्या २०२४च्या नव्या चौकटीत मुदतीही आवळल्या आहेत: सर्व्हेअर २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत, त्यानंतर निर्णय ७ दिवसांत. लोकपाल जास्तीत जास्त जेवढ्या रकमेचा निवाडा देऊ शकतो, ती मर्यादा ३० लाखांवरून ५० लाख झाली आहे. पण जुन्या कर्जासोबत दहा-पंधरा वर्षांसाठी काढलेल्या पॉलिसी अजून चालू आहेत, आणि त्यांना त्यांच्याच अटी लागू होतात. कर्जाच्या फाईलमधली ती पॉलिसी एकदा मागवून घ्या.

मे २०२१मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा निवाडा यायचा होता. आदल्या दिवशी आप्पांनी नातवाला घराचे चारही बाजूंनी, माळ्यावरचे आणि गोठ्याचेही फोटो काढायला लावले. नंतर स्वतःच्या नावाने नवी पॉलिसी घेतली. पैसे भरण्याआधी कंपनीला एक ई-मेल केला: गोठा यात धरलेला आहे की नाही, ते लेखी कळवावे. आलेलं उत्तर छापून फाईलच्या पहिल्या पानाला लावलेलं आहे.